दूध-तुपाचा पेला

नववा महिना लागल्यापासून सरूबाई सुनेपुढं रोज सकाळी दूध-तुपाचा पेला आदळायची. “पी. लेकरू सर्रकन येतंय बघ. दवाखान्याचे चोचले कशाला?” पहिल्या खेपेलाही अंजनानं महिनाभर असंच तूप रिचवलं होतं. ती तीन दिवस घरातच अडली, आणि पोर मेलेलं निघालं. “तूप कमी पडलं,” म्हातारीनं पदरानं तोंड पुसत सांगितलं होतं. जणू शिराच बिघडला होता! आज गोठ्यात म्हैस अडली तशी मात्र तिनं ऊर बडवून घेतला. “इनोद, गाडी काढ! न्हावरे गावचा गुरांचा डॉक्टर आण, माझं जनावर जातंय रं!” लेकानं फटफटीला किक मारली, तोवर अंजना पोट सावरत गोठ्यात आली. सकाळचा पेला तसाच भरलेला होता. तो तिनं सासूच्या हातात दिला. “डॉक्टरचे चोचले कशाला, आत्याबाई? म्हशीला हे पाजा की. रेडकू सर्रकन येतंय बघा.”