आपोआप

वनमालाचा मुलगा सहा वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. बीडला राहणारी थोरली बहीण सत्यशीला फोनवर म्हणायची, "माझाबी उशिराच बोलला, आपोआप. कुठं नेऊ नको त्याला."

शेवटी अंगणवाडीच्या ताईंनी पत्ता दिला. मुलाला घेऊन वनमाला बीडला स्वमग्न मुलांच्या पालकांच्या बैठकीला गेली. तिथं सतरंजीवर सत्यशीला आपल्या मुलाला चित्रं दाखवून एकेक शब्द म्हणायला लावत होती.

"अक्का, कवापासून येतीस हितं?"

"चार वर्सं झाली."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

"दोघी बहिणींची पोरं अशी म्हणल्यावर माझ्या ज्योतीला कुणी करून घेतलं असतं? गेल्या महिन्यात लगीन झालं तिचं. आता सांगणारच होते तुला."

वनमाला मुलाचा हात धरून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.