शुक्रवारची सुट्टी

विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढणारा माझा सेल न थांबता किती दिवस टिकतो, हे विज्ञान प्रदर्शनात दाखवायचं होतं, आणि पप्पांनी तो बंद केला! “शुक्रवारी आमच्या कापड विणायच्या लूमला सुट्टी असते, तुझ्या मशीनला न्हाय? बिचारी तापली होती.” “पप्पा, सगळं वाया गेलं!” मी रडत पुन्हा चालू करायचं बटण दाबलं. थकत चाललेला सेल रोज जास्त व्होल्ट मागत होता. आज मात्र मीटरवर कालच्यापेक्षा कमी आकडा! वायरी दोनदा तपासल्या, आकडा तोच. आराम करून सेल ताजा झाला होता. “बिघडली का गं?” पप्पा दारातच अवघडून उभे. मी खिडकीबाहेर बघितलं. असले सेल पुढे उन्हाच्या विजेवर चालणार, आणि ऊन तर रोज संध्याकाळी सुट्टीवर जातं. प्रश्नच चुकला होता माझा! न थांबता नाही, थांबत-थांबत किती टिकतो ते बघायला हवं. “नाही पप्पा. उद्या पण बंद करा. फक्त मला सांगून.”