सत्तर रुपयांतले पट्टे

लालासाहेबांनी नानासो पेंटरचा आकडा सांगितला नसता, तर धोंडिराम पेंटरनं सरळ आपला दर सांगितला असता. पण "नानासो एकशेवीस म्हनून गेलाय, तू बोल," असं ते म्हणाले आणि धोंडिराम आपला दर विसरला.

काम तसं साधं होतं. सांगलीच्या पेठेमागं लालासाहेबांची हळदीची वखार होती. वखारीपुढच्या मैदानावर त्यांनी नुकतंच डांबर घालून घेतलं होतं. ट्रकवाले तिथं आडवेतिडवे उभे राहत. गेल्या आठवड्यात एकानं गाडी मागं घेताना दुसऱ्याच्या ट्रकची मागची फळी फोडली आणि हळदीची पोती खाली सांडली. मुंबईत मोटारी लावायच्या जागेवर पांढरे पट्टे मारलेले लालासाहेबांनी पाहिले होते. तसेच पट्टे त्यांना इथं हवे होते, नव्या मैदानाच्या पूजेच्या आधी.

धोंडिरामनं मनात हिशेब मांडला. नवं डांबर रंग पितं, एका हातानं भागत नाही. दोन हातांचा रंग, टर्पेंटाईन, दोन माणसांची मजुरी. एकशेवीसात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. नानासोचा हिशेब चोख होता, आणि तो चोखच असणार, कारण त्याला तो धोंडिरामनंच शिकवला होता. तासगावाहून आलेला हा माणूस पाच वर्षं त्याच्या हाताखाली ब्रश धूत होता. आता त्याचं मोठ्या रस्त्याला दुकान होतं, आणि लोक धोंडिरामला रस्त्यात थांबवून विचारत, "नानासो पेंटरचं दुकान कुठं आलं हो?"

"सत्तर," धोंडिराम म्हणाला.

लालासाहेबांनी मान वर केली. "परवडतंय का?"

"मला परवडतंय, मालक."

घरी येऊन त्यानं अंजनाला मोठ्या खुशीत सांगितलं, की नानासोच्या तोंडचं काम काढून आणलं. यात आपल्याला काय उरणार, एवढंच तिनं विचारलं. गडी लावायला पैसे नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच पदर खोचून त्याच्याबरोबर कामावर आली.

तिनं निळीत भिजवलेल्या सुताचं एक टोक धरायचं, दुसरं त्यानं ताणायचं, सूत उचलून सोडलं की डांबरावर निळी रेघ उमटायची. रेघ सरळ येत होती. रंगाची मात्र ओढाताण होती. पुरवायचा म्हणून त्यानं त्यात बेसुमार टर्पेंटाईन ओतलं होतं. उन्हानं डांबर वर आलं आणि संध्याकाळपर्यंत पांढरे पट्टे तांबूस झाले. दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा हात फिरवावा लागला. दुपार कलली तेव्हा डबे खडखडीत झाले होते आणि फाटकाजवळचे चार पट्टे अजून कोरेच होते. लालासाहेबांनी दिलेली उचल संपली होती. सकाळी पूजा होती.

अंजना उठली आणि बाहेर गेली. आली ती कमरेवर रंगाचा भरलेला डबा घेऊन.

"कुठनं आनलास?"

"नानासो भावजींकडनं."

धोंडिरामनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"ते म्हनले, वस्तादांना सांगू नका, पेठेतल्या दुकानातनं उधार आनला म्हना," अंजना म्हणाली. "पर मला तुमच्याशी खोटं बोलाय जमत न्हाई."

त्यानं डबा पायानं बाजूला सारला आणि वखारीच्या सावलीत जाऊन बसला. नानासोनं चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं अंजनानंच झाकण उघडलं, ब्रश बुडवला आणि निळ्या रेघेवर टेकवला.

"वाकडा येईल," असं म्हणत त्यानं उठून तिच्या हातातला ब्रश घेतला.

रंग सायीसारखा दाट होता. सफेदा कसा मिसळायचा, घोटायला किती वेळ द्यायचा, हे सगळं त्यानंच एकेकाळी शिकवलेलं होतं. स्वतः मात्र तो असा रंग कित्येक दिवसांत घोटत बसला नव्हता.

सकाळी नारळ फुटला. ड्रायव्हर लोकांना गाड्या आतल्या अंगाला लावायला सांगितलं होतं, कारण फाटकाजवळचे पट्टे अजून नीट वाळले नव्हते. लालासाहेब हातात प्रसाद घेऊन मैदानभर फिरले आणि फाटकाजवळ थांबले.

"धोंडिराम, ह्ये चार बघ, दुधागत आलेत. आन आतले चहा सांडल्यागत. सगळे असेच का न्हाई मारलेस रं?"

धोंडिरामला सांगायला पुष्कळ होतं. सत्तरात एवढंच बसतं, असं म्हणता आलं असतं. डांबरावर ढकलता आलं असतं. पण दुसऱ्याच्या रंगाचं कौतुक आपल्या अंगावर घ्यायचं, हे त्याला नानासोच्या दुकानाहूनही जड गेलं.

"ह्ये नानासोचे हायेत, मालक. रंग त्याचा हाय."

"व्हय? मग म्होरल्या साली त्यालाच सांगतो," लालासाहेब सहज म्हणाले आणि प्रसाद त्याच्या हातावर ठेवून पुढं गेले.

अंजनानं ब्रश आणि सूत गोळा केलं. दोघं फाटकाकडं निघाले. शेवटच्या पट्ट्यापाशी धोंडिराम थबकला. क्षणभर त्याचा पाय त्या ओल्या पांढऱ्यावर अधांतरी राहिला, आणि अंजनाला वाटलं, आता हा पाय उमटवणार. मग त्यानं धोतराचा सोगा वर धरला आणि लांब ढांग टाकून तो पलीकडं गेला.