होडीतलं डोहाळजेवण

"उरक गो धोंडूबाय, ऊन डोक्यावर आयलं," शेजारची गुणाबाई म्हणाली.

धोंडूबाई वाकून केळीच्या पानावर कोलंबीचं कालवण वाढत होती. थोडं कालवण सांडलं. कशेळीच्या खाडीत आळीतल्या लडकूची होडी काठाला बांधून ठेवली होती. तिला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, आत पाट आणि पाटासमोर पान.

डोहाळजेवण होडीतच हवं, हा सुनेचा, क्षितिजाचा हट्ट. धोंडूबाईने तो कधीच मानला नव्हता. पोटुशी बाईने पाण्यावर जाऊ नये, पाण्यातल्या साती आसरा टपलेल्या असतात, असं तिचं म्हणणं. आज करू, उद्या करू म्हणत तिने जेवणच लांबवलं होतं. शेवटी हट्ट पुरा झाला तो सुनेचाच. सुनांपुढे सासवांचं चालतं कुठे?

सगळी आळी आली होती. कुणाला बोलवावं लागलं नव्हतं. कुणी लाडू आणले, कुणी फुलं. गुणाबाईने हिरवा चुडा आणला आणि मिठाईचा डबाही. वाट बघता बघता बायका कुणाचं गोडाऊन भाड्याने गेलं, कुणाची लेक पडघ्याला दिली, असलं काहीबाही बोलत होत्या.

पानात तांदळाची भाकरी होती, मीठ लावलेली कैरी होती. क्षितिजाने ज्याचं ज्याचं नाव काढलं, ते सगळं होतं. हिरव्या साडीच्या पदरात तांदूळ, नारळ घालून बायकांनी ओटी भरली आणि मागे सरून गाणं धरलं. एरवी या बायका गायला लागल्या की पुलावरच्या ट्रकवाल्यालाही ऐकू जातं. आज आवाज चढत नव्हता.

पान तसंच राहिलं.

"रुसली हाय," गुणाबाई म्हणाली.

सासरे तुळशीराम यांनी मुलाला पुढे केलं. "कुणाल, तू बोल. तुझं ऐकंल ती."

डोक्यावरची टोपी सावरत कुणाल होडीपाशी गेला. "क्षितिजा, जेव ना ग. बघ, होडी आणली तुझ्यासाठी." होडी जराशी हलली आणि पुन्हा स्थिर झाली.

धोंडूबाईच्या अंगावर काटा आला. गेले काही दिवस क्षितिजाने हेच चालवलं होतं. सासू चुलीपाशी असली की मागे येऊन उभी राहायची. वळून बघायची धोंडूबाईला हिंमत होत नसे. आज पोर इथून उपाशी गेली तर आपल्याला कधीच माफ करणार नाही, ही भीती तिला सोडत नव्हती.

गुणाबाईने पानाशेजारी दोन झाकलेले द्रोण ठेवले. एकात पेढा, एकात बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"उचल गो बाय, तुझ्या मनाचा," ती होडीकडे बघून म्हणाली. कुणी हसलं नाही.

द्रोण भरले होते धोंडूबाईने. तिला ठाऊक होतं, कुठलाही उचलला तरी पेढाच निघणार. "नातूच पायजे. पोरगी आणलीस तं तोंड न्हाय बघनार," असं ती एकदा स्वयंपाकघरात बोलून गेली होती. मुलगी झाली तर तिचं नाव 'पूर्वी' ठेवायचं म्हणून क्षितिजा तेव्हा हरखून बसली होती. ती मुकाट उठून गेली. होडीचं निमित्त. रुसवा खरा तो होता, आणि तो फक्त सासूला माहीत होता.

धोंडूबाई लुगडं वर न धरताच पाण्यात उतरली. एका द्रोणावरचं झाकण काढून तिने पेढा खाडीत फेकला. गुणाबाईच्या डब्यातली बर्फी त्यात ठेवली.

"दोन्हीमदी पेढंच व्हतं, बाय. मीच ठेवलं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "पोरगी तं पोरगी. मना नातच पायजे. आता तरी जेव."

ती मागे सरली. सगळ्यांनी गाणं थांबवलं.

वडावरून एक कावळा उतरला, पाटावर ठेवलेल्या क्षितिजाच्या फोटोपाशी बसला आणि बर्फीला शिवला.