डोलकाठीतले दोन हिसके

मकास्सर बंदरात बासो जहाजाच्या डोलकाठीवर, कमरेला दोर बांधून, मजेत बसला होता. पोकळ काठीतून अँटेनाची वायर खाली सोडत होता. खालून त्याचे वयस्कर जोडीदार दाएंग नाबा यांनी दोन हिसके दिले की आणखी सोडायची, हा त्यांचा रिवाज. आजही हिसके येत होते, आणि वायर कुठे घासत नव्हती की अडत नव्हती.

"दाएंग, आज हात भलताच हलका हो तुमचा!"

दाएंग नाबा धक्क्यावरच्या टपरीतून ओरडले, "टोमणे मारू नकोस! कॉफी संपवून येतोच. वायर धरायला काठीच्या बुंध्याचं झाकणसुद्धा उघडायचंय अजून."

बासोने वाकून पाहिलं. झाकण बंदच होतं.

वायर संपली होती. निसटू नये म्हणून शेवटचं टोक त्याने मनगटाला घट्ट गुंडाळलं होतं.

दोन हिसके आले. अगदी अदबीने.