कोळशाची रेघ

दगडाबाईचा उजवा खांदा आखडला आणि लासुर्ण्याच्या द्राक्षबागेतलं तिचं काम सुटलं. बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज भिंतीला धरून हात वर ताणा. खांदा मोकळा होईल. पण कंबरेचा मणका झिजलाय, वाकून करायचं काम आता कायमचं बंद."

"हुईना का बंद," दगडाबाई हसली. "द्राक्षाचं काम उभ्यानंच असतंय."

द्राक्षवेलींच्या मांडवाची तार जेवढी उंच, तेवढ्यावर तिनं घरच्या भिंतीला कोळशाची रेघ ओढून घेतली. रोज सकाळी बोटं त्या रेघेकडं सरकायची आणि ओठांवर ओवी असायची,

"चढ रं माझ्या हाता, द्राक्षाच्या येलावानी,
तुला जायाचं रं बाबा, मांडवाच्या तारंपाशी."

"आज्जे, हात हाय का पाल?" नात छकुली खिदळायची.

आखाडात दगडाबाईनं आपली वेणी आपल्या हातानं घातली. रात्रीची झोप परत आली. छाटणीच्या तोंडावर एका सकाळी बोटं रेघेला टेकली, आणि ती तशीच टेंपोत बसून लासुर्ण्याला गेली.

मालकाच्या दारात उभी राहून तिनं हात वर केला. सरळ, कानाला लावून.

ऋषिराज मालक हसले, मग खाली बघत राहिले.

 

"बाग काढली, मावशी. उसाची लागण चाललीय. वाकाया येतंय न्हवं?"