गावठीचं घमेलं

"थोरलीचं काही नसतं बाई, दिलं ते खाते. धाकटीलाच जपावं लागतं." आईचा हा आवाज थोरलीच्या कानात लहानपणापासून होता. संकरित शेळीपुढं भरड्याचं घमेलं रोजच असायचं. आज तिनं नुकत्याच व्यालेल्या गावठीपुढंही एक ठेवलं.

"तिला कशाला? पाल्यावर राहते की ती," म्हातारी आई म्हणाली.

"राहते गं. पण दोन-दोन करडं पितात तिला. मागत नाही म्हणजे लागत नाही, असं थोडंच आहे?"

आई गावठीच्या बरगड्यांवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "तूसुद्धा कधी मागितलं नाहीस."

"कुठल्या तोंडानं मागणार? आम्हाला वाढून झालं की तू नुसतं पाणी पिऊन उठायचीस. मला दिसायचं, आई."